पट्टीकाकांची दीड वीत

आमच्या ह्यांना वाकडं काही सहन होत नाही. भिंतीवरचं कॅलेंडर, बशीतला चमचा, दाराबाहेरच्या चपला, सगळं सरळ रेषेत लागतं. मी झोपेत कूस बदलली तरी सकाळी ऐकावं लागतं की चादर तिरपी झाली. लग्नाला पस्तीस वर्षं झाली आणि माझं डोकं अजून ठिकाणावर आहे, याचं श्रेय कुणाला द्यायचंच असेल तर मला द्या.

हे फुटबॉल क्लबाचं मैदान सांभाळतात. गवत कापणं, पाणी मारणं आणि सामन्याआधी पांढऱ्या रेषा आखणं. क्लबात त्यांना सगळे पट्टीकाका म्हणतात. मी त्याच क्लबाची धुलाई सांभाळते. खेळाडूंच्या जर्सी, ट्रॅकसूट, मोजे. मोज्यांबद्दल मी काही बोलत नाही, तुम्ही जेवून आला असाल.

आम्हाला राहायला दोन खोल्या दिल्यात, त्या थेट प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली. त्यामुळे आमचं छत जिन्यासारखं उतरत जातं. दाराशी ताठ उभं राहता येतं, पलंगापाशी वाकावं लागतं आणि कपाटाच्या कोपऱ्यात रांगावं लागतं. क्लबाने गोल केला की वर पाच हजार लोक उड्या मारतात आणि खाली आमच्या चहात चुना पडतो. गेली कित्येक वर्षं आमच्या चहात फारसा चुना पडला नव्हता, एवढ्यावरून क्लब कसा खेळायचा ते समजून घ्या.

क्लब दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये अकरा वर्षं रुतून बसला होता. मोसमाच्या शेवटी पहिले दोन संघ वरच्या लीगमध्ये जातात. आम्ही एकदा तिसरे आलो, एकदा चौथे, आणि एकदा तर शेवटच्या दिवशी आमच्याच माणसाने आमच्याच जाळ्यात गोल मारून घेतला. तेव्हापासून बाजारात कुणी विचारलं, "काय वहिनी, यंदा वर जाणार का?" तर मी सांगते, "हो, गच्चीवर. कपडे वाळत घालायला."

आता या सगळ्यात दोरीची गोष्ट सांगते, कारण सगळा घोळ तिनेच केला. म्हणजे दोरीने नाही. मी केला.

ह्यांच्या उस्तादांनी, म्हणजे आधीच्या म्हाताऱ्या माळीबुवांनी, निवृत्त होताना ह्यांना एक सुती दोरी दिली. गोलरेषेच्या मधोमध खुंटीला एक टोक अडकवायचं, दोरी ताणायची, आणि अकरा मीटरवर जिथे लाल धागा बांधलाय तिथे पेनल्टीचा ठिपका मारायचा. मोसमाच्या सुरुवातीला एकदाच मापायचं, मग वर्षभर त्याच ठिपक्यावर चुना चढवायचा. बाकीच्या रेषांना जमिनीत कायमच्या खुंट्या आहेत, ठिपक्याला मात्र दोरीच. स्टीलची टेप घ्या म्हटलं तर हे म्हणायचे, "टेप उन्हात वाढते. दोरी वाढत नाही."

ऐकलंत ना? दोरी वाढत नाही.

तर मोसम सुरू व्हायच्या आधी धुलाईखोलीतलं वाळवायचं यंत्र बंद पडलं. चव्वेचाळीस ओले ट्रॅकसूट माझ्या पुढ्यात. समोर खिळ्याला दोरी लटकलेली. हे दुसऱ्या गावी गवताचं बी आणायला गेलेले. मी दोरी अंगणात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बांधली आणि चार दिवस तिच्यावर ट्रॅकसूट वाळवले. तिसऱ्या दिवशी ती इतकी खाली आली की विजारींचे पाय फरशीवर लोळायला लागले. मी मधे एक बांबू लावला. कपडे वाळले, दोरी गुंडाळली, खिळ्याला लावली, विषय संपला. पुढच्या आठवड्यात ह्यांनी त्याच दोरीने दोन्ही बाजूंचे ठिपके मारले.

आणि त्या मोसमात आमचा जावई हिरो झाला.

जावई आमच्या क्लबाचा गोलकीपर. छत्तीस वर्षांचा. लेकीने स्वतःच पसंत केला, मी फक्त उसासा टाकला. स्वभावाला वाईट नाही, पण तोंड बंद ठेवायचं त्याला कधी जमलंच नाही. आधीच्या मोसमात लोक त्याला "चाळण" म्हणायचे. या मोसमात आमच्या मैदानावर त्याच्यावर सात पेनल्टी मारल्या गेल्या आणि त्याने सहा अडवल्या. पेपरात फोटो आला, खाली मोठ्या अक्षरांत "कुलूप". तेव्हापासून घरी आला की आमच्या उतरत्या छताखाली मान वाकवून भाषण. "आई, मी चेंडूकडे बघतच नाही. मारणाऱ्याच्या डोळ्यांत बघतो." मी म्हणायचे, "जावईबापू, जरा ताटातही बघा, सगळं सांडताय."

आमचा गोल मारणारा गडी मात्र घरच्या मैदानावर चार पेनल्टी हुकला. त्याच्या घरच्यांचा उद्धार मी माझ्या कानांनी छतातून ऐकलाय.

शेवटच्या दिवशी चित्र असं होतं. आम्ही दुसरे, आणि एका गुणाने मागे असलेला तिसरा संघ आमच्याच मैदानावर येणार. बरोबरी झाली तरी आम्ही वर. हरलो तर ते वर आणि आम्ही बारावं वर्ष मोजायला मोकळे. जावयाचं तर सरळच होतं. क्लब वर गेला तर त्याला आणखी दोन वर्षांचा करार. नाही गेला तर हातात भिंतीवरचं घड्याळ देऊन निरोप. छत्तिसाव्या वर्षी चाळणीला कोण घेतो? लेकीला दोन मुलं, आणि नुकतंच भाड्याचं मोठं घर घेतलेलं. मला त्या आठवड्यात झोप नव्हती.

सामन्याच्या सकाळी टीव्हीवाले आले. क्लबाचा सामना पहिल्यांदाच थेट दाखवणार होते. त्यांच्यातला एक माणूस लाल उजेडाचं मोजायचं यंत्र घेऊन गोलाजवळ काहीतरी करत होता. त्याने ह्यांना विचारलं, "काका, तुमच्याकडे पेनल्टी जरा लांबून मारतात का?"

हे हसले. मग हसणं थांबलं. नळदुरुस्तीवाल्याकडून स्टीलची टेप आणली आणि गुडघ्यांवर बसून मापलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. घरी आले ते थेट पलंगाच्या बाजूला, जिथे वाकावं लागतं, तिथे वाकूनच उभे राहिले.

"अगं, ठिपका मागे आहे. दीड वीत."

अंगणातला बांबू लख्ख डोळ्यांसमोर आला.

"माझा हात गेला," हे म्हणाले. "दोरी खरी आहे. मीच नको तेवढी ताणली असणार. अख्खा मोसम मला दिसलंसुद्धा नाही. डोळे गेले माझे."

तेव्हा सांगायला हवं होतं. सरळ सांगायचं, की अहो, ते तुम्ही नाही, ते चव्वेचाळीस ट्रॅकसूट. पण मी काय म्हणाले माहितीये?

"आज राहू द्या तसाच. एका दिवसाचा प्रश्न आहे."

"ठिपका चुकीचा आहे."

"अहो, चुकीचा असला तरी दोन्ही बाजूंना सारखाच चुकीचा आहे ना! जावयाचा विचार करा. आज पेनल्टी पडली आणि जवळून मारली तर? तुमच्या लेकीचा संसार आहे तो."

"अकरा मीटर म्हणजे अकरा मीटर," हे म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला भांडता आलं असतं.

त्यांनी फावडं घेतलं. ठिपक्यासकट हिरवळीचा दीड वीत चौकोन कापला, त्याच्या पुढचा तसाच चौकोन कापला आणि दोघांची अदलाबदल केली. पांढरा पुढे, हिरवा मागे. दोन्ही गोलांसमोर. पायाने दाबलं, पाणी मारलं. लांबून कुणाच्या बापाला कळलं नसतं. मग घरी येऊन बियाण्याच्या रिकाम्या पाकिटाच्या पाठीवर क्लबाला पत्र लिहिलं. मला अचूक काम करणं आता जमत नाही, म्हणून नोकरी सोडतो. ओळी अगदी सरळ होत्या. पत्र खिशात घातलं आणि बाहेर गेले. आणि मी, इतकी जिभेची फटकळ बाई, पाठमोऱ्या नवऱ्याकडे बघत गप्प बसले. लाज वाटते सांगायला.

सामना सुरू झाला. मला घरात बसवेना म्हणून खेळाडू बाहेर येतात त्या बोळाच्या तोंडाशी ह्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. खेळ कसला, नुसती ढकलाढकली. दोन्ही संघांना भीती इतकी की चेंडू पायात आला की विस्तव आल्यासारखा लांब फेकायचे. नव्वद मिनिटं होत आली, शून्य-शून्य. आम्ही वर जात होतो. वर पायऱ्यांवर लोक रडायला लागले होते, आनंदाने.

आणि आमच्या एका शहाण्याने त्यांच्या माणसाला गोलासमोर आडवा पाडला. शिट्टी. पेनल्टी.

वरून आवाज सुरू झाला, "कुलूप! कुलूप!" जावई मात्र ठिपक्याकडे बघत होता. गोलापासून ठिपक्यापर्यंत चालत आला, परत गेला. पुन्हा चालत आला. रेफरीने हाकलला तेव्हा गेला.

"अहो, काय करून ठेवलंत हो," मी म्हणाले. ह्यांनी माझा हात धरला. पस्तीस वर्षांत चारचौघांत पहिल्यांदा.

त्यांचा माणूस धावत आला. जावई उजवीकडे पडला. चेंडू डावीकडे गेला, आणि काय ताकदीने गेला! बारच्या वरून, जाळीच्या वरून, थेट पायऱ्यांच्या पत्र्यावर, आमच्या पलंगाच्या बरोबर डोक्यावर. धाडकन. जावई जमिनीवर चुकीच्या बाजूला आडवा पडून अजून चेंडू शोधतच होता.

पुढचं काय सांगू! शिट्टी झाली, माणसं मैदानात उतरली, कुणी कुणाच्या गळ्यात पडत होतं ते कळेना. आमच्या चुनावाल्या बादलीत कुणीतरी तोंड घालून नाचत होता. आणि टीव्हीसमोर कोण? आमचे जावईबापू. "मी फक्त त्याच्या डोळ्यांत बघितलं. तो घाबरला."

संध्याकाळी लेक, जावई, नातवंडं घरी आली. कपांत वरून पडलेला चुना दोन चमचे तरी असेल. नातवंडं अंगणात पळाली, जावयाने दार लावून घेतलं आणि मान वाकवून बसला. भाषण नाही. मला वाटलं बरं नाही की काय.

"बाबा," तो म्हणाला, "आज ठिपका पुढे आला होता."

ह्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"मी दर पेनल्टीआधी पावलं मोजतो. गोलापासून ठिपक्यापर्यंत तेरा. इथे साडेतेरा भरायची. आज तेरा भरली आणि माझे पाय गेले. कुठे पडलो तेच कळलं नाही. तो गडी हात मिळवताना म्हणाला, त्यांच्या कोचने बजावलं होतं, या मैदानावर सगळ्यांचे फटके लुळे पडतात, जीव खाऊन मार. त्याने मारला, आणि ठिपका जवळ, म्हणून जोर जास्त झाला आणि गेला वरून."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," हे म्हणाले. "कधीपासून?"

"दुसऱ्या सामन्यापासून."

"आणि बोलला नाहीत?"

"बाबा, छत्तीस वर्षांचा आहे मी," जावई म्हणाला. लेक त्याच्या पाठीवर हात ठेवून जमिनीकडे बघत होती. तिलाही माहीत होतं, ते मला तेव्हाच कळलं.

ह्यांनी खिशातून पाकीट काढलं, ते बियाण्याचं. मांडीवर ठेवून सरळ केलं. "बरोबर आहे तुमचं. चूक माझी. उद्या हे देतो. ज्याच्या हाताला दीड वीत कळत नाही, त्याने रेषा मारू नयेत."

मग मात्र माझा बांध फुटला. "देऊ नका! काही देऊ नका! तुमचा हात ठणठणीत आहे. मी त्या दोरीवर ट्रॅकसूट वाळवले."

ह्यांनी मांडीवरचं पाकीट बाजूला ठेवलं.

"किती?" ह्यांनी विचारलं.

"चव्वेचाळीस."

"ओले?"

"मग काय कोरडे वाळवणार? चार दिवस. मधे बांबू लावला होता."

जावयाने हसू दाबायला तोंड फिरवलं, लेकीने त्याला चिमटा काढला. हे उठले, खिळ्यावरची दोरी काढली, लाल धाग्यावरून अंगठा फिरवला. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"सकाळपासून मी म्हातारा होतो," हे म्हणाले. "तुला माहीत होतं, आणि तू मला होऊ दिलंस."

नऊ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चहा घ्यायचे, कप सरळ ठेवायचे, निघून जायचे. मी दोनदा माफी मागितली, एकदा भांडण काढून पाहिलं, एकदा मुद्दाम कॅलेंडर तिरकं केलं. त्यांनी ते सरळही केलं नाही, तेव्हा मी धुलाईखोलीत जाऊन पोटभर रडले.

दहाव्या दिवशी अंगणात ठोकाठोकी ऐकू आली. जाऊन बघते तर दोन्ही भिंतींत नवे हुक, खाली सपाटी बघायची पाणसळ आणि नवी कोरी स्टीलची टेप पडलेली. उस्तादांची दोरी त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधली होती, तसूभरही तिरपी नाही. राजीनामा लिहिलेलं ते बियाण्याचं पाकीट फाडून त्याच्या घडीची पाचर हुकाखाली ठोकली होती.

माझ्या बादलीतला एक ओला ट्रॅकसूट त्यांनी उचलला, झटकला आणि दोरीच्या बरोबर मध्यावर वाळत घातला.

"घे," हे म्हणाले. "आता ताण हवी तेवढी."