तिसरा पुकारा

पहिला पुकारा झाला की ते खिशातून रुमाल काढायचे. दुसरा झाला की चष्मा उतरवायचे. मग कोर्टाच्या व्हरांड्यात उभे राहून दोन्ही काचा तोंडाच्या वाफेने ओल्या करून इतक्या सावकाश पुसायचे, की आत न्यायाधीशसाहेब टेबलावर बोटं वाजवायला लागायचे. मी माझ्या खुर्चीतूनच ओरडायचो, "मामा, तिसरा द्या की!"

बाहेरून ठरलेलं उत्तर यायचं, "देतो, भाऊसाहेब. अजून एक हाय."

तुमच्यापैकी ज्यांच्यावर कोर्टाची पायरी चढायची वेळ आली नाही, त्या भाग्यवंतांसाठी सांगतो. तालुक्याच्या कोर्टात शिपाई पक्षकाराचं नाव, गाव, तालुका मोठ्याने पुकारतो. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यालाही कुणी पुढे आलं नाही, की रोजनाम्यात 'गैरहजर' असा शब्द लागतो, आणि वर्षानुवर्षं चाललेली केस कधीकधी त्या एका शब्दाने निकालात निघते. महाडच्या कोर्टात तो शब्द लिहिणारा कारकून मी होतो आणि पुकारा करणारे शिपाई मामा. त्यांचं खरं नाव मी इथे देत नाही. स्वतःच्या नावाचा पुकारा त्यांना मुळीच आवडला नसता.

मामांचं म्हणणं साधं होतं. पोलादपूर तालुक्यातल्या उमरठची एसटी उशिरा येते, त्यात उमरठच्या माणसाचा काय गुन्हा? त्यामुळे बोर्डावर पोलादपूर तालुक्यातली केस असली, की त्यांचा चष्मा हमखास मळलेला असायचा. मी तेव्हा तरुण होतो, कामाचा भलता उरक होता. एकदा तिसऱ्या पुकाऱ्याआधीच मी 'गैर' एवढं लिहून मोकळा झालो. मामा आत आले, रोजनाम्यात डोकावले आणि हळूच म्हणाले, "पेन खाली ठेवा, भाऊसाहेब. म्हातारी डेपोत उतरली असंल." पाच मिनिटांनी खरंच एक म्हातारी धापा टाकत दारात उभी राहिली. तिची जमीन वाचली की नाही ते आता आठवत नाही. पण ते 'गैर' खोडताना मला जी लाज वाटली, ती चांगली आठवते.

मामा पोलादपूरजवळच्या कापडे गावचे. रोज एसटीने येऊन-जाऊन करायचे. मामींना मात्र आमच्यापैकी कुणी पाहिलंच नव्हतं, कारण मामींना गाडी लागायची. साधीसुधी नाही. एसटीचा नुसता वास आला तरी त्यांच्या पोटात ढवळायचं. लग्नानंतर एकदा त्या महाडला आल्या होत्या, त्यानंतर त्यांनी चाकावर पाय ठेवला नाही. पोलादपूरच्या बाजाराला त्या पायी जात आणि डोक्यावर ओझं घेऊन पायी परत येत.

मामांच्या निवृत्तीला काही महिने उरले होते. कोकण रेल्वे सुरू होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. मे महिन्यात कोर्टाला सुट्टी असते, म्हणून आम्ही चार कुटुंबांनी केरळला जायचं ठरवलं. यादी करायला बसलो तर मामा म्हणाले, "आमची दोन धरा."

"मामी येतील?" मी विचारलं.

"जलमभर दुसऱ्यांना हाक मारली, भाऊसाहेब. हिला कधी चल म्हटलं नाय." एवढं बोलून ते पाण्याचा जग भरायला निघून गेले. मी यादीत दोन नावं वाढवली.

पनवेलपर्यंतचा एसटीचा प्रवास मी वर्णन करत नाही. लिंबू, आमसूल, आलं, सगळे उपाय झाले. माणगाव, कोलाड, वडखळ, गाडी थांबेल तिथे मामी उतरून रस्त्याच्या कडेला बसायच्या, आणि मामा पाण्याची बाटली घेऊन पाठीशी उभे. पनवेलच्या फलाटावर मामींनी पिशवी खाली ठेवली आणि निकाल देऊन टाकला. "मी येत नाय. हितनं चालत घरी जाते."

"अगो, चालत? किती लांब हाय!"

"असू दे. परवा पोचन."

मामा त्यांच्यापुढे उकिडवे बसले. इतक्या मोठ्याने बोलणारा तो माणूस, पण तेव्हा अगदी खालच्या आवाजात बोलला. "एक रात काढ. सकाळी तुला नकोसं झालं तर गाडी थांबंल तिथं उतरू. मी तुला परत नेतो."

"नक्की?"

"नक्की. एक शब्द बोलनार नाय."

मामी चढल्या. खालचा बर्थ त्यांना दिला. डोळ्यांवर पदर घेऊन त्या आडव्या झाल्या.

सकाळी मडगाव आलं. गाडी तिथे बराच वेळ थांबते, म्हणून मामा आणि मी चहा आणायला उतरलो. मामांचे डोळे लाल. जवळजवळ रात्रभर ते जागेच होते, पहाटे वरच्या बर्थवर जेमतेम डोळा लागला होता. "आपलं वीर स्टेशन आलं नि गेलं, भाऊसाहेब. गाडी थांबलीच नाय. घर एवढं जवळनं गेलं, पन तिला उठवली नाय. उठवली असती तर चेन वढायला लावली असती!" स्वतःच्या लबाडीवर ते खुशीत हसले.

चहा घेऊन डब्यात आलो तर मामींची जागा रिकामी. चपला नाहीत. पिशवी नाही. चहाला उतरताना घाईत आम्ही तिकडे पाहिलंच नव्हतं. आमच्या सौ.नी सांगितलं, जाग आली तेव्हाच बर्थ रिकामा होता, मामी तोंड धुवायला गेल्या असतील असं त्यांना वाटलं. आम्ही दोन्हीकडच्या बाथरूम पाहिल्या. मामी नव्हत्या.

मामांच्या हातातला चहा तसाच होता. "उतरली," ते म्हणाले. "सकाळी उतरू म्हनलं होतं ना मी. उतरली ती." त्यांच्या आवाजात राग नव्हता. नापास पोराने परीक्षेचा निकाल सांगावा तसे ते बोलले, आणि मला फार वाईट वाटलं.

परक्या मुलखातला फलाट, तुफान गर्दी, आणि मामींना मराठीशिवाय काही येत नव्हतं. त्यात महाडपलीकडचं एकही गाव ठाऊक नव्हतं. मी स्टेशन मास्तरांकडे जाऊ म्हणेपर्यंत मामा फलाटाच्या मधोमध जाऊन उभे राहिले होते. पाय जुळवून, छाती पुढे काढून, अगदी व्हरांड्यात उभे राहायचे तसे.

"हिराबाई!" आणि पुढे स्वतःचं संपूर्ण नाव. "राहनार कापडे, तालुका पोलादपूर! हाजर हाय काऽऽ?"

हमाल थांबले, वडेवाला थांबला. त्या काळातली आमच्याकडची माणसं बायकोला नावाने हाक मारत नसत. मामांचं तर 'अगो'च्या पुढे कधी गेलं नव्हतं. चाळीसेक वर्षांच्या संसारात त्यांनी पहिल्यांदा बायकोचं नाव घेतलं, ते मडगावच्या फलाटावर आणि तालुक्यासकट.

दुसरा पुकारा झाला. कुणी आलं नाही. पुढचा सिग्नल हिरवा झालेला मला दिसला.

"भाऊसाहेब, तुम्ही चढा," मामा म्हणाले. "बायकापोरं हायत तुमच्यासंगं. मी थांबतो. सापडली की तिला घेऊन घरी जातो. तिला तसा शब्द दिलाय." त्यांनी चष्मा उतरवला. या वेळी काचा पुसल्या नाहीत, डोळे पुसले. मी एक पाय डब्यात आणि एक फलाटावर ठेवून तसाच लोंबकळलो. चढवेना, उतरवेना. इंजिनाची शिट्टी झाली.

मामांनी तिसरा पुकारा दिला. तसा पुकारा मी कोर्टातल्या माझ्या सगळ्या नोकरीत ऐकला नाही.

"हाय! हाय! हाजर हाय!"

आवाज पार पुढून आला. सात-आठ डबे पलीकडे एका दारातून हिरव्या बांगड्यांचा हात बाहेर आला होता, आणि मागोमाग मामींचं डोकं. "वरडता कशाला? मी काय आरोपी हाय काय?"

गाडी हलली. मामा धावले. साठीला टेकलेला माणूस पट्टेवाल्याच्या जुन्या चपलांनी फलाटभर धावला आणि मामींच्या मागच्या कुठल्याशा दारात लोकांनी त्याला आत ओढून घेतलं. खिडक्याखिडक्यांतून लोक टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या.

अर्ध्या तासाने दोघं डब्याडब्यांतून चालत आमच्यापर्यंत आली. मामी पुढे, मामा मागे. झालं होतं असं. सवयीप्रमाणे मामींना पहाटेच जाग आली. उठून बसल्या तर ढवळायला लागलं, म्हणून उभ्या राहिल्या, आणि उभ्या राहिल्या म्हणून चालायला लागल्या. चालल्या की ढवळायचं थांबतं, असा शोध त्यांना लागला. मग काय, पिशवी काखेला मारून त्या वाट संपेपर्यंत गेल्या, परत फिरल्या, पुन्हा गेल्या. मधे कुणा केरळी बायकांनी जागा दिली, केळं दिलं. भाषा कळत नव्हती, पण लेकरं किती ते बोटांवर सांगून झालं होतं.

"मग मामी, आता परत जायचं का?" आमच्या सौ.नी विचारलं.

"कशाला? ही गाडी बरी हाय. हिच्यात पाय मोकळे करता येतात." मग मामांकडे न बघता म्हणाल्या, "सगळ्या मुलखासमोर नाव घेतलं माझं." आणि पदर तोंडाशी धरून खिडकीबाहेर बघत बसल्या. मामा दिवसभर इतके खूश होते, की त्यांनी चहासुद्धा मागितला नाही.

त्यानंतर दर मे महिन्यात ती दोघं कुठे ना कुठे जात राहिली. कोर्टात नवा शिपाई आला, तो तिन्ही पुकारे एका दमात उरकायचा. काम भराभर व्हायला लागलं, आणि मला ते आवडेनासं झालं.

मामा एका पावसाळ्यात गेले. अंगात ताप होता, दोन दिवसांत संपलं. मी कापड्याला जाऊन आलो. आता मामी पुन्हा घराच्या उंबऱ्याआड बसणार, असं मी मनाशी धरून चाललो होतो.

पुढच्या एप्रिलमध्ये एका सकाळी मामी आमच्या दारात उभ्या. पोलादपूरपर्यंत चालत आणि तिथून एसटीत उभ्याने आल्या होत्या. पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "भावसाहेब, रिजर्वेशनचा कागद भरून द्या."

मी फॉर्म काढला. "किती जणांचा?"

"एक."

"मामी, एकट्या? सोबत कोण?"

"डब्यात मानसं असतातच की."

मी नाव लिहिलं, वय लिहिलं. "कुठलं गाव घालू?"

मामींनी पाण्याचा रिकामा पेला खाली ठेवला. "ते तुम्हीच बघा," त्या म्हणाल्या. "पन एका रातीची गाडी नको. दोन रातींची असंल तर बघा."