अण्णांच्या तासातली शांतता

आमचे अण्णा लातुरात रसायनशास्त्र शिकवायचे. ते ऐकायला वर्गात बसायची गरज नव्हती. रस्त्यापलीकडच्या रसवंतीवाल्यालाही अर्धं पुस्तक पाठ झालं होतं. भूकंपानंतर गाव सोडून आलेल्या या माणसाने ट्यूशनच्या पत्र्याच्या शेडमध्ये निव्वळ आवाजाच्या बळावर संसार उभा केला. गेल्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं आणि तो आवाज गेला. उरली नुसती कुजबुज.

नेमकी तेव्हाच भावाची मुलगी अकरावीसाठी जळकोटहून आमच्याकडे राहायला आली. नातीला आपणच शिकवायचं, हे अण्णांनी ती रांगत होती तेव्हाच ठरवलेलं. आता कसं शिकवणार? ते कुणाशी धड बोलेनात. मला फार वाईट वाटायचं.

मग मला त्यांच्या तासांच्या डीव्हीडी आठवल्या. क्लासवाल्यांनी हौसेने शूटिंग केलेलं, आणि तबकड्या खराब व्हायच्या आत मी ते कॉम्प्युटरवर उतरवून ठेवलेलं. पण एकेका तासाचे चार-पाच तुकडे, आणि आमचा नवा टीव्ही त्यांना ओळखच दाखवेना. म्हणून मी कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत एकेक कमांड टाइप करायला बसले. एका ओळीत तुकडे सांधले, दुसरीत पडद्यावर अण्णांचा हात हलला की उमटणाऱ्या आडव्या रेघा घालवल्या आणि आजकालच्या टीव्हीला चालेल अशी फाइल तयार केली. जमलं तशी मी चढलेच. आवाज नसलेल्या जागा आपोआप कापणारं एक साधन सापडलं, तेही फिरवलं. दीड तासाचा तास तासाभराच्या आत आला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे अण्णांनी मला लहानपणापासून ऐकवलेलं, पण ऐकतंय कोण.

अण्णा कौतुकाने बघायला बसले आणि थोड्याच वेळात त्यांनी हात वर करून मला थांबवायला लावलं.

"पोरं लिहायलेत," ते कुजबुजले. "तू त्यायला लिहूच देईनास."

त्यांची पद्धतच ती होती. फळ्यावर समीकरण लिहायचं, समजावून सांगायचं, मग खडू खाली ठेवून गप्प उभं राहायचं, शेवटच्या बाकावरची मान वर येईपर्यंत. कंधार, उमरीकडून आलेली पोरं बिचकत हळू लिहायची, त्यांच्यासाठी. मी कचाकच कापलं होतं ते नेमकं हेच थांबणं. मूळ तुकडे शाबूत होते म्हणून निभावलं. ती कात्री वगळून बाकीच्या कमांड पुन्हा चालवल्या.

आता रोज संध्याकाळी आजोबा आणि नात टीव्हीपुढे बसतात. काळ्या केसांचे अण्णा घर दणाणून सोडतात. नात आवाज कमी करायला गेली की म्हातारा तिच्या हातातून रिमोट काढून घेतो. मग पडद्यावरचे अण्णा खडू ठेवून गप्प होतात, आणि आमचे अण्णा तिच्या वहीवर बोट टेकवतात.

"कळलं का माय? न्हाई कळलं तर विचार. मी हाय."

तेवढ्या शांततेत त्यांचं बोलणं मला स्वयंपाकघरातही स्पष्ट ऐकू येतं.