कानावरचं ऑफिस

क्रांतीच्या कानावर हेडफोन चढला की घरात कुणी चकार शब्द काढायचा नाही, हा कायदा खुद्द तिच्या सासूनं, बाळाबाईनं केलेला. क्रांती पुण्याच्या एका विमा कंपनीचं काम कसबा बावड्यातल्या घरात बसून करायची. शेजारीण हाका मारत आली की बाळाबाई तिला दारातच अडवायची, "हळू बोल की गं बाई! सून हापिसात गेलीया." आणि सून कुठं? तर पडद्याआड, मधल्या खोलीत!

आता खरं सांगायचं तर काम संपलं तरी क्रांती हेडफोन काढायची नाही. आधी डोकं जरा शांत व्हावं म्हणून, मग चटकच लागली. कान झाकले की भांडी नाहीत, म्हशीचं शेण नाही, पाहुण्यांचा चहा नाही. मन खायचं तिला. मग मनालाच दटावायची, कंपनी तरी कुठं वेळकाळ बघते? भाकरी थापता थापता पिठाच्या हातानं साहेबांचे फोन घेतलेच की मी! कंपनी माझ्या घरात घुसली, तर मी तिच्या आड घटकाभर लपले म्हणून काय बिघडलं? बिघडत काहीच नव्हतं. फक्त सत्तरीची बाळाबाई एकटी राबत होती.

त्या दिवशी दुपारीच काम आटपलं. क्रांती हेडफोन तसाच ठेवून मोबाईलवर विनोदी व्हिडिओ बघत बसली. आधी खुदुखुदु हसली, मग पोट धरधरून. चहाची तलफ आली तेव्हा कुठं उठून मागं गेली, तर न्हाणीच्या दारात बाळाबाई भिंतीला टेकून बसलेली. पाय घसरून पडली होती. मनगट सुजून वाकडं झालेलं, आणि आवाज फुटू नये म्हणून पदर तोंडात कोंबलेला.

"अगं आई गं! आत्या, हाक नाही का मारायची?"

"हापिस सुरू हुतं न्हवं तुजं."

दवाखान्यात प्लास्टर घालून होतंय तोवर क्रांतीचा नवरा आदर्श शिरोली एमआयडीसीतनं धावत आला. आल्या आल्या तोंड सुटलं त्याचं, "घरात माणूस असून उपेग काय?"

बाळाबाईनं त्यालाच झापलं. "गप बस! पोटापाण्याचं काम हाय तिचं. ती काय खेळत बसलीती व्हय?"

क्रांतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आदर्श औषधं आणायला गेला तशी ती सासूच्या पायाशी बसली.

"आत्या, काम कवाच संपलं होतं. मी नुसतीच बसले होते. रोजच बसते." बोलता बोलता हुंदकाच आला.

"म्हाईत हाय की. हसत हुतीस तू. हापिसात कोण आसं हसतंय?"

"मग हाक का नाही मारली?"

बाळाबाईनं धड हातानं तिचे डोळे पुसले. "लगीन झाल्यापासनं तुला आसं हसताना ऐकलंच न्हवतं बाई. म्हटलं, हसू दे. हात काय, मोडायचा तो मोडलाच हुता."