रोज सकाळी मरणारी अक्का

आमची अक्का रोज सकाळी चुलीपुढे बसून मरायची आणि मग चहा टाकायची. थट्टा नाही. ओले केस पाठीवर तसेच सोडून, डोळे मिटून ती मोठ्यानं म्हणायची, "प्रभू, शेवंता मेली. आजचा दिवस तुझा. हात तुझे, जीभ तुझी. जीभ आधी घे." मग फुंकणीनं जाळ करायची. धुळ्याच्या मिशनच्या आवारात आम्ही दोघी एका घरात राहत होतो. ती दवाखान्यात सुईण, मी मुलींच्या शाळेत मास्तरीण. इंग्रज अजून जायचे होते. मी जन्माची ख्रिस्ती. एकदा देवाला दिलेलं मन पुन्हा रोज कशाला द्यायचं, हे काही माझ्या डोक्यात शिरत नसे.

विचारलं की म्हणायची, "बाई गं, सकाळी मरते, पण दुपारपर्यंत मेली परत उठून बसते." आणि ते खरंच होतं. अक्काचा राग भयंकर. अडलेल्या बाईला कुणी उशिरा आणलं की तिच्या नवऱ्याला ती असं सोलून काढी, की डॉक्टरीणबाईंना मध्ये पडावं लागे. संध्याकाळी त्याच माणसाला हुडकून त्याच्या हातात भाकरी ठेवून यायची. माफी मागताना तिचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा व्हायचा.

मरणाची ही भाषा तिला घरातूनच मिळाली होती. ती सोनगीरच्या शेतकऱ्याची लेक, लग्नानंतर लवकरच विधवा होऊन माहेरी आलेली. पुढे आजारी म्हणून मिशनच्या दवाखान्यात आली, बरी झाली, तिथंच काम शिकली आणि बाप्तिस्मा घेतला. तेव्हा तिच्या थोरल्या भावानं, नानानं, पिठाची बाहुली करून तिला अग्नी दिला, डोक्यावरून अंघोळ केली आणि बहीण मेली असं गावाला सांगितलं. "त्यानं एकदाच मारलं," अक्का म्हणायची, "ते सोपं. मला रोज मरायला लागतं." हसत म्हणायची, पण मग बराच वेळ भांडी आपटत राहायची.

उन्हाळ्यातल्या एका सकाळी तोच नाना बैलांची दमणी जुंपून आवाराच्या फाटकाशी आला. आत पाऊल टाकलं नाही. त्याची बायको अडली होती, गावच्या सुईणीनं हात टेकले होते, आणि मिशनच्या दवाखान्यात तिला आणायला घरचे तयार नव्हते.

"तिनाकन व्हत नही. तू चाल," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "पन घरमा तोंड उघडानं नही. आमनासाठे तू मरेल शे."

मेलेल्या बाईचा आवाज बाळंतिणीच्या कानावर पडू नये, असं घरच्यांचं म्हणणं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "अक्का, अजिबात जायचं नाही." ती आत जाऊन पिशवी घेऊन आली. "मरेलले काय बोलनं," एवढंच त्याला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तू चल. माझ्या वतीनं बोलायला."

सोनगीरला आम्हाला मागल्या दारानं आत घेतलं. खोलीत धूर आणि बायकांची गर्दी. अक्का हातानं खुणा करी आणि मी बोले. पाणी उकळा, खिडकी उघडा, बाकीच्यांनी बाहेर व्हा. मूल पायाळू होतं. पाय आले, अंग आलं आणि डोकं अडलं. नानाची बायको डोळे फिरवायला लागली. मी ओरडून सांगत होते की जोर लाव, पण मी परकी. माझं शाळेतलं मराठी तिच्यापर्यंत पोचतच नव्हतं. अक्काच्या कपाळावरून घाम गळत होता, ओठ मात्र घट्ट मिटलेले. दाराबाहेर नाना उभा. दोन्ही जीव आता जातात, असंच मला वाटलं.

मग अक्का बोलली. "वैनी, मन्हाकडे देख. मी शेवंता. आखो एक डाव जोर कर, माय."

त्या बाईनं डोळे उघडले. वर्षानुवर्षं एका जात्यावर दळलेल्या नणंदेचा आवाज तिनं ओळखला. अक्काचा हात धरून तिनं जोर केला, आणि थोड्या वेळानं मूल रडलं.

गड्यानं आम्हाला दमणीत बसवलं. गाडी हलली तेव्हा मागून आडावर घागरीमागून घागर पाणी ओतल्याचा आवाज येऊ लागला. सगळं घर अंघोळी करत होतं. अक्काचं सुतक दुसऱ्यांदा फेडणं चाललं होतं. मला रागानं रडू आलं.

अक्का रस्त्याकडे बघत होती. "त्यानं गप्प राहा म्हटलं, ते मला बरंच वाटलं होतं," ती म्हणाली. "मीही मनात धरलं होतं, नाना नावानं हाक मारेल तेव्हाच तोंड उघडेन. आत वैनी मरत होती आणि मी माझा मान कवटाळून बसलेली. जीभ प्रभूला दिली म्हणजे गप्प बसायचं, असंच मी इतके दिवस धरून चालले. आज त्याला ती बोलायला हवी होती." दुसऱ्या दिवशी चुलीपुढे ती नेहमीसारखीच मेली. फक्त भांडी आपटली नाहीत.

पुढे अक्का गेली विषमज्वरानं, दवाखान्यातच. शवपेटी उचलायची वेळ झाली आणि फाटकातून नाना आला. या वेळी बाहेर थांबला नाही. पाळकसाहेबांनी विचारलं, "हे कोण?" सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण अक्काचं घरचं माणूस म्हणजे मीच. माझं वाक्य तयार होतं: तुम्ही तिला कधीच पोचवून आला आहात, आता कशाला आलात? त्या अंघोळीच्या दिवसापासून मी ते घासूनपुसून ठेवलं होतं.

नाना पेटीकडे बघत म्हणाला, "मन्ही बहीन शे."

त्या दिवशी मी भर दुपारी मेले. "तिचे भाऊ आहेत," मी म्हटलं. "पुढचा खांदा त्यांना द्या."

माती देऊन आल्यावर नाना अंघोळीला गेला नाही. घरात आला आणि अक्काच्या चुलीपुढे टेकला. आमच्या घरचं पाणीसुद्धा तो कधी प्यायला नव्हता. मी चहा टाकला. त्यानं कप दोन्ही हातांनी धरला आणि प्यायला.