सरासरी सात

हिंजवडीच्या ऑफिसात मला डेटाच्या कामावर जायचं होतं. अट एकच, संख्याशास्त्राची परीक्षा पास व्हायची. पहिल्या खेपेला मी आपटले होते आणि दुसरी खेप शेवटची होती. घरात निवृत्त गणितशिक्षक सासरे असताना मी शिकवणी मात्र बाहेर लावली. बाबांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. पुण्यात हाही रागावण्याचाच प्रकार आहे.

परीक्षेच्या आदल्या शनिवारी शेवटी मीच वही घेऊन त्यांच्यासमोर बसले. "बाबा, पॉप्युलेशन व्हेरियन्स काही डोक्यात शिरत नाहीये."

"शिरेल. जागा भरपूर आहे. तू संध्याकाळी किती वाजता घरी येतेस?"

"सरासरी सातला."

त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं. तारखांच्या चौकोनांत पेन्सिलीने बारीक आकडे लिहिले होते. इतके दिवस मी ते दुधाचे खाडे समजत होते. त्या माझ्या येण्याच्या वेळा निघाल्या. सरत्या आठवड्यातल्या साडेसहा, सात चाळीस, सहा चाळीस, सात दहा आणि सात. सरासरी खरंच सात! मी खूश.

"आता सातपासूनचे फरक मांड."

उणे तीस, अधिक चाळीस, उणे वीस, अधिक दहा, शून्य. बेरीजही शून्य.

"म्हणजे तुझ्या मते मी वाट पाहिलीच नाही," बाबा म्हणाले. "बुधवारी लवकर आलीस म्हणून मंगळवारची चाळीस मिनिटं मला परत मिळत नाहीत. वर्ग कर, म्हणजे उणे-अधिक एकमेकांना खाणार नाहीत."

वर्गांची बेरीज तीन हजार आली. आता भागायचं पाचाने की चाराने? मागच्या वेळी मी इथेच घसरले होते.

"प्रश्न याच आठवड्याचा आहे ना? त्याचे पाचही दिवस हातात आहेत. त्यातले निवडक दिवस घेऊन अंदाज बांधायचा असता, तर एक कमी केला असता. पाचही दिवस मी गॅलरीत उभा होतो."

पाचाने भागून सहाशे, हा व्हेरियन्स. त्याचं वर्गमूळ साधारण साडेचोवीस मिनिटं, म्हणजे माझं सातच्या मागेपुढे होणं. व्हेरियन्स समजला, आणि मला स्वतःची लाजही वाटली.

निकाल लागला त्या दुपारी मी ऑफिसातून फोन केला. "बाबा, पास झाले!"

"होणारच होतीस. येतेस किती वाजता?"

"सातला."

"सरासरी, की खरे?"

त्या दिवशी मी कंपनीच्या बसची वाट न बघता रिक्षा केली. सातला पाच कमी असताना पोचले. बाबा पेन्सिल घेऊन गॅलरीत उभे होते.