रविवारचा डबल

चार माणसं रोज संध्याकाळी एका टेबलाभोवती बसली की भांडणं साठतात, आणि भांडणं जुनी झाली की त्यांचे किस्से होतात. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं तेव्हाची गोष्ट. पांढरकवड्याच्या क्लबात आम्ही चौघं ब्रिज खेळायचो. रिटायर्ड नायब तहसीलदार आबासाहेब आणि डॉक्टर ही एक जोडी. मुकुटबनचे कापसाचे व्यापारी भाऊराव आणि मी, म्हणजे वकील, ही दुसरी. आणि सगळी भांडणं एकाच गोष्टीवरून!

ब्रिजमध्ये जोडीदाराला पत्ते दाखवता येत नाहीत, बोलीतूनच कळवावं लागतं. एकानं ‘वन नो ट्रम्प’ म्हणून बोली उघडली की पुढे कशाचा काय अर्थ, हे जोडीत आधीच ठरलेलं असतं. पण मधेच समोरचा तोंड घालतो आणि ठरलेलं सगळं बोंबलतं. अशा वेळी आपला जोडीदार ‘डबल’ म्हणाला तर काय समजायचं? डॉक्टर म्हणत, ‘‘दंड दुप्पट! हाणा यायले!’’ आबासाहेब म्हणत, ‘‘छट्! माही बोली यानं खाल्ली, आता तुमचा रंग सांगा.’’

•

अशा ठरलेल्या अर्थांना कन्व्हेन्शन म्हणतात, हे मी भाऊरावांना शिकवलं तेव्हा गडी भलताच खूष झाला. त्यांचा जन्म कापसाच्या बाजारात गेलेला. तिथं रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरायचा, शेजारच्याला पत्ता लागत नसे.

‘‘हे तं आपलंच काम हाय!’’

‘‘फक्त एक आहे,’’ मी म्हटलं. ‘‘समोरच्यानं विचारलं तर अर्थ सांगावा लागतो.’’

भाऊरावांचा चेहरा पडला. ‘‘सांगूनच टाकाचं असन, तं रुमाल कायले पाह्यजे वकीलसाहेब?’’

•

एकदा दौऱ्यावरचे एक बडे साहेब भाऊरावांच्या जागी खेळायला बसले. डॉक्टरांनी वन नो ट्रम्प म्हटलं. साहेबांनी हातात काही नसताना ‘टू स्पेड्स’ ठोकून दिलं. आबासाहेबांकडे इस्पिकची पाच मोठी पानं होती. डबल म्हटलं असतं तर साहेब भुईसपाट! पण आबासाहेब हळूच म्हणाले, ‘‘पास.’’

साहेबांची जीप गेल्याबरोबर डॉक्टर उसळले. ‘‘काहून गप्प बसले तुम्ही?’’

‘‘साहेबाले डबल?’’ आबासाहेब म्हणाले. ‘‘माही पेन्शन चालू हाय ना, डॉक्टर!’’

•

पुढे आबासाहेबांना सपाटून ताप आला. डॉक्टर घरी गेले, सुई भरली, आणि ती हातात तशीच धरून म्हणाले, ‘‘आता सांगा, डबल म्हणजे काय?’’

‘‘हाणा यायले! तुमचंच खरं!’’

डॉक्टर विजयी मुद्रेनं क्लबात आले. पण ताप उतरून आबासाहेब टेबलावर बसले ते हेच म्हणत, ‘‘तापात घेतलेला जबाब धरत नसतात!’’

•

अशात क्लबला नवा सेक्रेटरी आला. टेबल टेनिसचा शौकीन. त्यानं फर्मान काढलं, ‘‘यवतमाळच्या टीमला हरवलंत तर पत्त्यांची खोली तुमची. नाहीतर तिथं टेबल टेनिस!’’

आम्हा तिघांना घरी बायकांनी कसंबसं सहन केलं असतं. पण आबासाहेबांच्या घरी दुसरं कुणीच नव्हतं. खोली गेली तर हा माणूस संध्याकाळी जाणार कुठं, याचा आम्हाला खरोखर घोर लागला.

सामन्याआधी त्या दोघांचं भांडण मिटवणं भाग होतं. मीच निवाडा दिला. सोमवार, बुधवार, शुक्रवार आबासाहेबांचा अर्थ. मंगळवार, गुरुवार, शनिवार डॉक्टरांचा. क्लबाचे सहाही दिवस सारखे वाटले गेले. दोघांनी हात मिळवले, आणि मी स्वतःवर बेहद्द खूष झालो.

•

यवतमाळकर आले. त्यांच्यासाठी क्लब मुद्दाम उघडला होता. आमचं टेबल आधी संपलं. मी आणि भाऊराव आबासाहेबांच्या मागे जाऊन उभे राहिलो. दोन्ही टेबलं मिळून बरोबरी, आणि शेवटचा हात. दारात सेक्रेटरी खोली मोजायला टेप घेऊन हजर!

आबासाहेबांनी वन नो ट्रम्प म्हटलं. यवतमाळच्या कप्तानानं लगेच तोंड घातलं, ‘‘टू हार्ट्स.’’

डॉक्टर म्हणाले, ‘‘डबल!’’

कप्तानाचा जोडीदार एक प्रोफेसर होता. त्यानं नियमाप्रमाणे आबासाहेबांना विचारलं, ‘‘या डबलचा अर्थ काय?’’

आबासाहेबांना खोटं बोलता येत नसे. ‘‘वारावर हाय,’’ ते म्हणाले. ‘‘सोम, बुध, शुक्र, मी रंग सांगाचा. मंगळ, गुरू, शनि, तुम्हाले हाणाचं.’’

‘‘पण आज तर रविवार आहे!’’

आबासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या निवाड्यात सातवा वार नव्हताच!

‘‘रविवारी,’’ आबासाहेब म्हणाले, ‘‘क्लब बंद असते.’’

प्रोफेसर पेचात पडला. हाणणार की रंग विचारणार? मार खाण्याच्या भीतीनं तो नसत्या रंगात पळाला. ‘‘थ्री क्लब्ज!’’ त्या किलवरात तो असा आपटला की हात आमचा, सामना आमचा आणि खोलीही आमची! सेक्रेटरीनं टेप गुंडाळून खिशात घातली. भाऊरावांनी आबासाहेबांना चक्क उचललं.

पायऱ्या उतरताना मी डॉक्टरांना बाजूला घेतलं. ‘‘डॉक्टर, आता तरी खरं सांगा. हाणायचं होतं, की विचारायचं होतं?’’

‘‘मले काय माहीत?’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘मीच आबासाहेबाच्या तोंडाकडे पाहून राह्यलो होतो!’’