मिशीचा डिंक

मिशी चिकटवायच्या डिंकाची बाटली उघडली, की तो उग्र वास नाकात शिरतो आणि मी थेट शिनोलीच्या जत्रेतल्या आमच्या राहुटीत जाऊन बसते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. तमाशाच्या फडात लहानपणापासून वगातला बाल राजपुत्र मीच करायचे. त्या वर्षी राजपुत्राचा अंगरखा मला छातीवर बसेना. फडाच्या मालकीणबाई, आमच्या आक्का, म्हणाल्या, "आता तू पोर न्हाई राह्यली. घुंगरं बांध, न्हाईतर घरी जा."

नाच वाईट नव्हता, पण तो माझा नव्हता. मी म्हणाले, "मी राजा करते."

राजाचं काम करणारे आण्णा पोट धरून हसले. "पोरी, राजाला मिशी लागती!"

मी त्यांच्याच पेटीतली मिशी उचलली, डिंक लावून ओठावर दाबली. कातडी भाजल्यासारखी झाली. पण राजपुत्र म्हणून रोज आण्णांच्या मांडीवर बसून ऐकलेलं राजाचं अख्खं भाषण मी तिथंच ठणकावून म्हटलं. आण्णांचं हसू केव्हाच थांबलं होतं. आक्का जवळ आल्या, म्हणाल्या, "मिशी तिरकी बसलीय. नीट लाव."

आज नारायणगावात नवा मॅनेजर सांगतोय, "बाई, लई वर्षं राजा केला. आता म्हातारीचं काम घ्या."

मी बाटलीचं झाकण फिरवते, मिशी नीट बसवते आणि म्हणते, "राजाची खुर्ची मधोमध मांड."